पीएच.डी.नंतरचे संशोधन : संधी कोठे व केव्हा शोधाव्यात?

पीएच.डी. पदवी मिळाली की संशोधकाचा पुढील मार्ग निश्चित झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक विज्ञानशाखांत कायमस्वरूपी नेमणुकीपूर्वी काही वर्षांच्या 'पोस्ट-डॉक्टरल' संशोधनाचा टप्पा येतो. अनेक पाठ्यवृत्तींसाठी अर्ज करण्याची मुदत पदवीच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे विलंब झाल्यास गुणवत्ता असूनही दारे बंद होतात.

या जागा मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात. काही ठिकाणी प्राध्यापक आपल्या प्रकल्पाच्या अनुदानातून संशोधकाची नेमणूक करतात. अन्य ठिकाणी उमेदवार स्वतःचा प्रस्ताव सादर करून पाठ्यवृत्ती मिळवतो.

प्रत्येक शाखेची रीत वेगळी आहे. खगोलशास्त्रातील जाहिराती 'अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी'च्या जॉब रजिस्टरमध्ये प्रसिद्ध होतात. अर्जांचा हंगाम प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. उमेदवारावर १५ फेब्रुवारीपूर्वी होकार देण्याची सक्ती करू नये, असा या संस्थेचा संकेत आहे. गणितासाठी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी'ची 'मॅथजॉब्स' ही सेवा उपयुक्त ठरते. जीवशास्त्र व रसायनशास्त्रात मात्र वर्षभर जागा निघतात आणि कित्येकदा प्राध्यापकांशी थेट पत्रव्यवहार करूनच त्या मिळतात. असे पत्र त्रोटक असावे; त्यांचे अलीकडील शोधनिबंध वाचून, आपण त्या कामात कोणती भर घालू शकतो हे त्यात स्पष्ट करावे.

पाठ्यवृत्तींच्या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात. जर्मनीतील हम्बोल्ट पाठ्यवृत्ती सर्व विद्याशाखांसाठी असून पोस्ट-डॉक्टरल गटात पदवीनंतर चार वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. जपानच्या जेएसपीएस पाठ्यवृत्तीसाठी ही मर्यादा सहा वर्षे असून सर्वसाधारण योजनेत यजमान संशोधकामार्फत अर्ज करावा लागतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी युरोपीय पाठ्यवृत्तीत उमेदवाराचे यजमान देशातील वास्तव्य आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजेच जर्मनीत नुकतीच पीएच.डी. पूर्ण करणाऱ्यास याच योजनेतून सहसा अन्य देशाकडे वळावे लागते.

भारतात 'नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप' ही दोन वर्षांची योजना पूर्वी 'सर्ब'कडे होती. २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आता ती आहे. तिच्यासाठी मार्गदर्शकाची संमती आवश्यक असते. पुण्यातील 'आयुका' व 'एनसीआरए' या संस्थाही पोस्ट-डॉक्टरल संशोधकांची निवड करतात.

प्रबंध सादर करणे, मौखिक परीक्षा आणि पदवीची अधिसूचना यांत आपल्या विद्यापीठांत बराच काळ जाऊ शकतो. म्हणून इच्छुकांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी वर्षभर आधीच संस्थांची यादी तयार करावी, शिफारसपत्रे देणाऱ्या तीन प्राध्यापकांना पूर्वकल्पना द्यावी आणि मुदतीची गणना नेमकी कोणत्या तारखेपासून होते, याची संबंधित संस्थेकडे लेखी विचारणा करावी.