ऑर्किडच्या दांड्यावरील पिल्लापासून नवे रोप कसे करावे?

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या फुलांच्या दांड्यावर कधी कधी कळीऐवजी पाने फुटतात. या बालरोपाला 'केकी' म्हणतात. हवाई बेटांच्या भाषेत केकी म्हणजे मूल. केळीच्या मुनव्याप्रमाणे केकीही मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते, त्यामुळे तिला त्याच रंगाची फुले येतात.

केकी का फुटते?
दांड्याच्या प्रत्येक पेरावर एक सुप्त डोळा असतो. थंड रात्रींमुळे फॅलेनॉप्सिसला दांडा येतो. त्यानंतर उष्मा वाढला, तर या डोळ्यातून फुलांऐवजी पाने फुटू शकतात. उर्से, तळेगाव दाभाडे या मावळच्या भागात हिवाळ्यातल्या थंड रात्रींनंतर मार्चपासून ऊन तापू लागते. त्यामुळे या काळात दांड्यांकडे लक्ष ठेवावे. मूळ झाडाची मुळे कुजली असली तरीही केकी फुटते, म्हणून आधी मुळे तपासावीत.

कधी कापावी?
घाई केल्यास रोप हातचे जाते. केकीला किमान दोन-तीन पाने आणि ५ ते ८ सेंटिमीटर लांबीची दोन-तीन मुळे येईपर्यंत ती दांड्यावरच राहू द्यावी. याला अनेक महिने लागतात. तोवर तिला अन्नपाणी मूळ झाडाकडूनच मिळते.

कशी लावावी?
१. ब्लेड ज्योतीवर तापवून थंड होऊ द्यावे. ऑर्किडचे विषाणू अस्वच्छ पात्यामुळे एका झाडावरून दुसऱ्यावर जातात.
२. केकीच्या दोन्ही बाजूंना २-३ सेंटिमीटर दांडा ठेवून कापावे.
३. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी. मुळांना लावू नये.
४. भोके असलेल्या लहान कुंडीत झाडाची साल, कोळसा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे भरून केकी लावावी. माती वापरू नये. पोंगा वर उघडा राहिला पाहिजे.

मावळात विशेष काळजी
कुंडी सावलीत, दमट पण खेळत्या हवेत ठेवावी. मावळच्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवू नये; पोंग्यात पाणी साचले की रोप कुजते. शक्यतो ऐन पावसाळ्यात केकी कापणे टाळावे.

नव्या रोपाला फूल यायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात.