पिटातला चार आण्यांचा प्रेक्षक

सुटीत मुंबईला नातेवाइकांकडे गेलेले आपल्याकडचे कुटुंब हल्ली एकदा तरी मल्टिप्लेक्सला जाते. परतल्यावर चित्रपटाची गोष्ट नंतर, आधी खर्चाचा आकडा सांगितला जातो. चौघांची तिकिटे, मुलांचे पॉपकॉर्न, जाण्यायेण्याची टॅक्सी, यांत दोन हजार रुपये सहज उडतात. मग घरातली वडील मंडळी हमखास म्हणतात, आमच्या वेळी चार आण्यांत सिनेमा होत असे. ही म्हातारपणाची कुरकुर म्हणून आपण सोडून देतो. पण त्या चार आण्यांना इतिहास आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली, तेव्हा प्रवेशाचा दर एक रुपया होता. त्या काळचा रुपया म्हणजे मोठी रक्कम. ही करमणूक साहेबाची व शेटजींची. परंतु आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि लवकरच तिकिटे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लावण्यात आली. पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठकही झाली. एकाच छपराखाली पुढे चार आणेवाला आणि मागे दोन रुपयेवाला, ही आपल्या चित्रपटगृहाची घडण तेथून सुरू झाली.

दर किती ठेवावा ही विवंचना दादासाहेब फाळक्यांनाही चुकली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला व चालला. सुरतेस मात्र पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळत असता दीड तासाच्या चित्रांना तीन आणे कोण देणार? फाळक्यांनी दर उतरवला नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात केली आणि गर्दी लोटली. गणिताच्या मास्तराला येथे राहवत नाही. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात, म्हणजे सत्तावन्न हजारांना सुमारे साडेतीन हजार फूट लागतात. हा आकडा बरोबर आहे. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट! तीन आणे देणाऱ्याला आपल्या पैशाचे मोल वाटले पाहिजे, हे दादासाहेबांनी अचूक ओळखले होते.

पुढे १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, तेव्हा चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना विकले गेल्याचे सांगतात. पोलीस बोलवावे लागले. महाग तिकिटाची ती पहिली बोंब म्हणावी काय? पण ती दारावरची महागाई होती. खिडकीवर दर चार आणेच होता.

दरम्यान १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात करमणूक कर आला व पुढे वाढतच गेला. तरीही पिटातला प्रेक्षक टिकला. शिट्या, पडद्यावर उधळलेली चिल्लर, खलनायकाला शिव्या हे सारे त्याचेच. मराठा मंदिरात १९९५ पासून चाललेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे पूर्ण केले, तेव्हाही तेथील तिकीट वीस रुपयांच्या आसपास होते.

पिट गेला तो मल्टिप्लेक्समुळे. १९९७ साली दिल्लीत साकेत येथे पहिले उभे राहिले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये अशा गृहांना पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला, पुढील दोन वर्षे चौथाईच घेतला. जुने चित्रगृहवाले मात्र पूर्ण कर भरत राहिले. म्हणजे ज्याच्याकडे चार आणेवाला येत होता त्याच्यावर बोजा, आणि ज्याने त्याला वगळले त्याला सवलत! नव्या छोट्या सभागृहांत पुढची स्वस्त रांग उरलीच नाही. घरचा डबाही आत नेता येईना. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे खाद्य रोखण्याचा मालकांचा हक्क मान्य केला, पिण्याचे पाणी तेवढे फुकट द्यावे असे सांगितले.

आपली मुले बंगळूरला शिकतात, तेथेही हेच. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये दोनशे रुपयांची मर्यादा घालून पाहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तोच नियम काढला. २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच्या आदल्याच दिवशी, २२ तारखेस, केंद्राने शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर पाच टक्क्यांवर आणला होता. शंभराच्या आतले तिकीट महानगरातल्या कोणत्या मल्टिप्लेक्सात मिळते, हे सुटीत घरी आलेल्या मुलांना विचारून पाहावे.