खंडाळ्याचें जांभूळ व मधुमेहावरील त्याची परीक्षा

१. बोरघाट चढून खंडाळ्यावरून मावळांत शिरलें म्हणजे जांभळीचा वृक्ष जागोजाग भेटतो. मावळ तालुक्यांतील जांभूळ व जांभिवली आणि घाटाखालील जांभूळपाडा हीं गांवांचीं नांवेंहि त्याच वृक्षाची साक्ष देतात. खंडाळ्याच्या वनस्पतींची पद्धतशीर गणना फादर सांतापाव यांनीं अनेक वर्षें तेथील राने धुंडाळून केली व तो ग्रंथ १९५३ सालीं भारतीय वनस्पति-सर्वेक्षण खात्यामार्फत प्रसिद्ध झाला. परंतु जांभळीची एक कीर्ति अशी आहे कीं, तिचा शोध केवळ वनस्पतिशास्त्रांत लागत नाहीं. जांभळाच्या बियांनीं व गरानें मधुमेह्याची साखर आटोक्यांत येते, ही ती कीर्ति होय. प्रयोगशाळेंत तिची परीक्षा होऊं लागल्यास आज एकशें तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी निर्णय एकमुखी नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, या मतभेदाचा बराच भाग नोंदींच्या शैथिल्यांतून जन्मला आहे. कोणतें झाड, त्याचा कोणता भाग, आणि मोजलें काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें नीट लिहून न ठेवल्याचा हा परिणाम आहे. म्हणूनच जुन्या बाडांच्या संग्राहकांचा या विषयाशीं निकट संबंध पोहोंचतो.

२. प्रथम रोगाच्या नांवाचा विचार करूं. आयुर्वेदाच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांपैकीं एक आहे. रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें लक्षण चरकसंहितेंत नमूद आहे. म्हणजे माधुर्याची ओळख प्राचीनांस होती. परंतु मराठींत प्रमेहाचें ‘परमा’ झालें आणि व्यवहारांत तो शब्द बहुधा निराळ्याच, संसर्गजन्य गुह्यरोगास लावला जाऊं लागला. तेव्हां एखाद्या बाडांत ‘परम्यावर जांभळीची साल’ असें आढळल्यास तो मधुमेहाचा उपाय होय असें धरून चालणें युक्त नव्हे. मुंग्या, तहान, कृशता, वारंवार लघवी यांपैकीं कांहीं लक्षण जवळ लिहिलें आहे काय, हें पाहिल्यावांचून निर्णय करतां येत नाहीं.

३. आतां वृक्षाचें नांव. सुश्रुताच्या न्यग्रोधादि गणांत एक नव्हे, दोन जांभळी गणल्या आहेत. पाश्चात्य ग्रंथांत तर एकाच वृक्षाचीं नांवें बदलत गेलीं. लिनियसनें १७५३ त त्यास मिर्टस क्युमिनी म्हटलें, लामार्कनें १७८९ त युजेनिया जांबोलाना म्हटलें, आणि सिझिजियम क्युमिनी हें आजचें नांव १९१२ सालीं स्कील्स यानें दिलें. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व मेजर बसु यांचा हिंदी औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ चा आहे. तो किंवा त्याच्या आगेमागेचीं पुस्तकें वाचतांना हीं नांवें जुळवून घ्यावीं लागतात. हा घोळ केवळ शब्दांचा नव्हे. ब्राझील देशांत पानांचा काढा चहाप्रमाणें पाजून जी चाचणी झाली व १९९० त प्रसिद्ध झाली, ती सिझिजियम जांबोस, म्हणजे आपल्याकडील जांब, या झाडाची होती. तिचा निकाल जांभळीच्या खात्यावर मांडणें हें एका घराण्याची सनद दुसऱ्यास लावण्यासारखेंच होय.

४. प्रयोगांचा इतिहास पाहतां तिसरा प्रश्न, म्हणजे मोजलें काय, हा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळाच्या बिया यूरोपांत मधुमेहावरील औषध म्हणून गेल्या. १८८९ सालीं ग्रेझर या जर्मन वैद्यानें कुत्र्यांवर प्रयोग केले. सफरचंदाच्या झाडाच्या सालींत फ्लोरिझिन नांवाचें द्रव्य असतें. तें दिलें असतां प्राण्याच्या मूत्रांत साखर उतरते, असें फॉन मेरिंग यानें १८८६ त दाखविलें होतें. ग्रेझरनें फ्लोरिझिनबरोबर जांभळाचा अर्क दिला, तों मूत्रांतील साखर कमी झाल्याचें त्यास आढळलें. या निकालानें जांभळाची प्रतिष्ठा वाढली, व १९११ च्या ब्रिटिश औषधिकोशांतहि त्यास स्थान मिळालें.

परंतु येथें सूक्ष्म दृष्टीनें पाहणें अवश्य आहे. फ्लोरिझिननें साखर मूत्रपिंडाच्या वाटेनें गळते. रक्तांत ती वाढलेली नसते. खऱ्या मधुमेहांत ती रक्तांत आधीं सांचते व मग मूत्रांत उतरते. यास्तव ग्रेझरच्या कुत्र्यांवरून रक्तशर्करेसंबंधीं कांहींच सिद्ध होत नाहीं. त्याच १८८९ सालीं फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनीं स्वादुपिंड काढून टाकल्यास कुत्र्यास खरा मधुमेह होतो हें दाखविलें, आणि त्या धाग्यानें पुढें इन्सुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्यें टोरांटो येथें तें प्रथम एका मुलास टोंचण्यांत आलें. मरणोन्मुख रोगी त्यानें उठूं लागल्यावर जांभळाचें औषध मागें पडलें, यांत नवल नाहीं.

५. रक्तांतील साखर थोड्या रक्तावर मोजण्याच्या सोप्या रीति १९२० च्या सुमारास रूढ झाल्या. पुढें १९४३ त अ‍ॅलॉक्सन या द्रव्यानें प्राण्यांस मधुमेह उत्पन्न करतां येतो असें आढळलें, आणि वनस्पतींची परीक्षा अधिक कसोशीनें होऊं लागली. १९९१ सालीं आचरेकर, काकलिज, पोटे व केळकर यांनीं जांभळाच्या गराचा अर्क मधुमेही केलेल्या व निरोगी प्राण्यांस तोंडावाटें दिला. त्यांच्या नोंदीप्रमाणें गराचा परिणाम अर्ध्या तासांत दिसला, तर त्याच फळाच्या बियांस चोवीस तास लागले. १९९८ त अण्णामलै विद्यापीठांतील संशोधकांनीं बियांच्या जलीय अर्कानें अ‍ॅलॉक्सनचे उंदीर सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. उलट २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील निबंधांत, जांभळीच्या पानांच्या काढ्याचा साखरेवर गुण आढळला नाहीं असें म्हटलें आहे. हे निकाल परस्परविरोधी आहेत काय? पान, गर व बी हीं एक नव्हेत, आणि काढा व अर्क हेहि एक नव्हेत. एका झाडाच्या तीन भागांच्या तीन साक्षींत विसंगति पाहणें हा पक्षपात होय. तथापि उंदरांवरील यश म्हणजे मनुष्यावरील यश नव्हे, हेंहि तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. या निबंधांच्या बळावर कोणीं आपलें इन्सुलिन किंवा वैद्याची औषधयोजना सोडूं नये.

६. परंपरेची परीक्षा यंत्रानें करण्यास आपल्या प्रांतांत पूर्वीच आरंभ झाला आहे. खंडाळ्याशेजारीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ त कैवल्यधाम स्थापून नौलीसारख्या क्रियांच्या वेळीं शरीरांत उत्पन्न होणारा दाब मोजला. योगाविषयीं जें झालें, तें औषधांविषयीं व्हावयाचें तर प्रयोगकर्त्यास आधीं विश्वसनीय संहिता हवी. तो उंदरास काय पाजावें हें जुन्या लेखावरून ठरवितो. लेखांतील ‘बी’ आम्हीं ‘फळ’ वाचलें, ‘छायेंत वाळवून’ हे शब्द गाळले, मासे व तोळे सोडून दिले, तर त्याची वर्षांची मेहनत वायां जाते.

७. राजकीय पत्रव्यवहाराच्या ओढीनें संग्राहक वैद्यकी पानें बहुधा बाजूस टाकतात. हिशेबाच्या वहीच्या मागें लिहिलेला नुसखा तर कोणी नकललाहि नाहीं असें होतें. आमची विनंति एवढीच कीं, असें पान हातीं आल्यास तें तोडूं नये. रोगाचें मूळ नांव व लक्षणें, झाडाचें स्थानिक नांव, घेतलेला भाग, कृति, माप, अनुपान व ऋतु हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, आणि आपला अर्थ निराळा द्यावा. जांभळानें साखर उतरते कीं नाहीं, याचा निवाडा प्रयोगशाळा करील. तिच्यापुढें साक्षीदार बदलून उभा राहूं नये, एवढें पाहणें इतिहाससंशोधकाच्या हातीं आहे.