लडलम, रॉबर्ट
(२५ मे १९२७ – १२ मार्च २००१). अमेरिकन कादंबरीकार. गुप्तहेरकथेला त्याने जगभर पसरलेल्या कारस्थानाचे अवाढव्य रूप दिले. नट आणि नाट्यनिर्माता म्हणून बरीच वर्षे काढल्यावर तो चाळिशीनंतर लेखनाकडे वळला. पहिली कादंबरी, ‘द स्कार्लाटी इनहेरिटन्स’, १९७१ साली आली. रंगभूमीची सवय मात्र सुटली नाही: त्याची प्रकरणे ऐन मोक्यावर पडदा पडावा तशी संपतात.

त्याच्या कथांतला शत्रू क्वचितच निव्वळ परके सरकार असते. ‘द मॅटरीज सर्कल’मध्ये (१९७९) कॉर्सिकात उगम पावलेल्या गुप्त मंडळाविरुद्ध सीआयए आणि केजीबीचे दोन हाडवैरी हात मिळवतात. ‘द चॅन्सेलर मॅन्युस्क्रिप्ट’ (१९७७) एफबीआयप्रमुख हूवरच्या गोपनीय फायलींभोवती फिरते. वॉटरगेटच्या राजकीय घोटाळ्याने पोळलेल्या वाचकाला यात अशक्य असे काही वाटले नाही.

सर्वांत गाजली ‘द बॉर्न आयडेंटिटी’ (१९८०). भूमध्य समुद्रातून मच्छीमारांनी वाचवलेल्या माणसाला स्वतःचे नावही आठवत नाही. त्याच्या कमरेजवळ कातडीखाली झ्युरिकच्या बँकखात्याची मायक्रोफिल्म सापडते. भाषा भडक, योगायोग मुबलक, उद्गारचिन्हांची तर लयलूट. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. खरोखरीचा दहशतवादी कार्लोस इथे खलनायक आहे. मॅट डेमन नायक असलेल्या, याच कादंबरीवरील २००२ मधील चित्रपटाने कार्लोसला सरळ वगळले.