आपल्या फोनवर कुणाची नजर आहे का? घरच्या घरी कसं तपासाल

फोन गरम लागतो, बॅटरी दुपारपर्यंत उतरते, मध्येच स्क्रीन उजळते. असं झालं की बऱ्याच जणांना पहिली शंका हीच येते की आपला फोन कुणीतरी बघतंय. पण नुसत्या या लक्षणांवरून काही ठरत नाही. बॅटरी जुनी झाली, मेमरी भरली, मागे एखादं अ‍ॅप चालू राहिलं, तरी फोन तापतो. उलट, नजर ठेवणारं अ‍ॅप फोन न तापवताही गुपचूप काम करत राहू शकतं.

खरी खूण वेगळी आहे. जी गोष्ट तुम्ही फक्त फोनवर बोललात किंवा लिहिलीत, ती न सांगता दुसऱ्याला कळते. माहेरी जायला कधी निघालात, मैत्रिणीला काय लिहिलंत, कुठल्या वकिलाला फोन केलात, हे समोरचा बोलून दाखवत असेल तर तपासणी करायलाच हवी.

बहुतेक घरांत हे काम कुठल्या परदेशी हॅकरचं नसतं. पाच मिनिटं फोन हातात मिळालेला आणि लॉक माहीत असलेला जवळचाच माणूस असतो. नवरा, सासरचं कुणी, भाऊ, मंगनी तुटलेला मुलगा, कधी दुकानात फोन सेट करून देणारा पोरगा. त्याला फार अक्कलही लागत नाही, फोनमधल्या साध्या सोयीच तो वापरतो. म्हणून त्या आपल्यालाही तपासता येतात.

सुरू करण्याआधी एक गोष्ट

घरात मारहाण किंवा धमकीचा प्रकार असेल तर घाईने काही काढू नका. अ‍ॅप काढलं किंवा पासवर्ड बदलला की नजर ठेवणाऱ्याला लगेच कळतं आणि तो चिडू शकतो. शिवाय पुरावाही जातो. आधी बहिणीच्या, आईच्या किंवा विश्वासू शेजारणीच्या फोनवरून मदत मागा. महिला हेल्पलाइन १८१ आहे आणि तातडीच्या वेळी ११२. जे सापडेल त्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा. आपल्याच फोनवर काढलेला स्क्रीनशॉट समोरच्यालाही दिसू शकतो.

काय कळतंय, त्यावरून वाट ओळखा

सगळा फोन उपसण्यापेक्षा आधी विचार करा की समोरच्याला नेमकं काय कळतंय. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं कळत असेल तर लिंक्ड डिव्हाइसेस बघा. फक्त ठिकाण कळत असेल तर लोकेशन शेअरिंग. फोटो आणि कॉन्टॅक्ट जात असतील तर गुगल किंवा अ‍ॅपलचं खातं. सगळंच कळत असेल तर लपवलेलं अ‍ॅप असण्याची शक्यता जास्त.

१. व्हॉट्सअ‍ॅप

व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जा. आयफोनवर हे सेटिंग्जमध्ये मिळेल. एका खात्याला आणखी ४ उपकरणं जोडता येतात, आणि एकदा जोडली की तुमचा फोन बंद असला तरी त्यांवर मेसेज येत राहतात. यादीत अनोळखी कॉम्प्युटर किंवा ब्राउझर दिसला तर त्याची ‘लास्ट अ‍ॅक्टिव्ह’ वेळ लिहून ठेवा, दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि मग लॉग आउट करा. नंतर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून ६ आकडी पिन ठेवा. हा पिन जन्मतारीख किंवा निकाहची तारीख नको, ती घरात सगळ्यांना पाठ असते.

२. गुगल आणि अ‍ॅपलचं खातं

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘गुगल’, तिथून आपलं खातं आणि ‘सिक्युरिटी’ उघडा. ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये आपलं खातं कुठे कुठे उघडं आहे ते दिसतं. तिथेच रिकव्हरी नंबर आणि ईमेल कुणाचा आहे तेही बघा. तो दुसऱ्याचा असेल तर पासवर्ड बदलूनही उपयोग नाही, तो पुन्हा आत येईल.

गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘लोकेशन शेअरिंग’ बघा. हे शेअरिंग आपण बंद करेपर्यंत चालू राहील असंही ठेवता येतं. गुगल फोटोजमध्ये ‘पार्टनर शेअरिंग’ चालू असेल तर काढलेला प्रत्येक फोटो दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर दाबा. खाली जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ‘फाइंड माय’ आणि ‘फॅमिली शेअरिंग’ही बघा. आयओएस १६ पासून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘सेफ्टी चेक’ ही सोय आहे. कोणाला काय दिसतंय ते तिथे एका जागी कळतं आणि बंदही करता येतं.

कोकणातल्या अनेक घरांत फोन गल्फमधून येतो. भाऊ किंवा मामू आपलंच खातं टाकून फोन सुरू करून देतो आणि तो तसाच वापरला जातो. त्यात कुणाचा वाईट हेतू नसेलही, पण फोटो, कॉन्टॅक्ट आणि ठिकाण त्याच्या खात्यात जाऊ शकतं. फोन नवा असो की जुना, आपलं खातं आपल्याच नावाने हवं आणि पासवर्ड आपणच टाकलेला हवा.

३. लपवलेलं अ‍ॅप

अशी अ‍ॅप होम स्क्रीनवर दिसत नाहीत. नावही ‘सिस्टम सर्व्हिस’, ‘सिंक’, ‘वायफाय’ असं साधंच ठेवतात. म्हणून नावापेक्षा परवानग्या बघा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत पुढची नावं एकेक टाका, कारण सॅमसंग, शाओमी, व्हिवोच्या फोनमध्ये जागा वेगवेगळ्या असतात.

अ‍ॅक्सेसिबिलिटी: इथे परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं. दृष्टी किंवा ऐकण्याच्या मदतीसाठी आपण मुद्दाम घेतलेलं अ‍ॅप सोडून इथे दुसरं काही चालू असेल तर चौकशी करा.

डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स: इथे असलेलं अ‍ॅप सहजासहजी अनइन्स्टॉल होत नाही. ‘फाइंड हब’ (आधीचं ‘फाइंड माय डिव्हाइस’) किंवा ऑफिसचं अ‍ॅप असू शकतं. बाकीच्यांवर शंका घ्या.

नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस: इथून आलेले मेसेज आणि ओटीपी वाचता येतात. स्मार्ट घड्याळाचं अ‍ॅप इथे असणं साहजिक आहे.

इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स: ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप किंवा फाइल मॅनेजरला बाहेरून अ‍ॅप टाकायची परवानगी दिलेली असेल आणि ती तुम्ही दिली नसेल, तर कुणीतरी काहीतरी टाकलंय असं समजा.

प्ले प्रोटेक्ट: प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून बघा. नजर ठेवणारं अ‍ॅप टाकताना हे मुद्दाम बंद करतात. बंद असेल तर फोटो घेऊन चालू करा आणि स्कॅन करा.

आयफोनमध्ये असं अ‍ॅप लपवणं अवघड असतं. तिथे ‘जनरल’मध्ये ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ बघा. तुमच्या ऑफिसशिवाय दुसऱ्या कुणाची प्रोफाइल तिथे असायचं कारण नाही.

अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. आयफोनवर कॅमेऱ्यासाठी हिरवा आणि माइकसाठी नारिंगी ठिपका येतो. आपण काही करत नसताना ही खूण दिसली तर अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’मध्ये कोणत्या अ‍ॅपने कधी काय वापरलं ते बघा.

४. कॉल फॉरवर्डिंग आणि ‘टॅपिंगचे कोड’

आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले आहेत का, हे *#२१# डायल करून कळतं. सगळं फॉरवर्डिंग काढायला ##००२#. *#६२# केल्यावर एखादा अनोळखी नंबर दिसला तर लगेच घाबरू नका. फोन बंद असताना कॉल जिथे जातो तो बऱ्याचदा सिम कंपनीचाच नंबर असतो. कस्टमर केअरला विचारून खात्री करा.

‘हे कोड टाका, फोन टॅप होतोय का कळेल’ असे मेसेज ग्रुपवर फिरतात. ते चुकीचं आहे. कोड फक्त फॉरवर्डिंग दाखवतो. सरकारी आदेशाने होणारं टॅपिंग टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेत होतं, त्याची खूण हँडसेटवर उमटत नाही. आणि फोन करणाऱ्या कुणी ‘पार्सल अडकलंय, हा कोड डायल करा’ म्हटलं तर अजिबात करू नका. अशा एका कोडने तुमचे कॉल, आणि कॉलवर येणारे ओटीपी, ठगाकडे जाऊ शकतात. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने *४०१# सारखी फॉरवर्डिंगची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला सांगितली होती.

तसंच व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका, गाडीचं चलान किंवा बँकेचं केवायसी म्हणून फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. उघडू नका. दावत देणाऱ्याला फोन करून विचारा.

पेगॅससचं काय?

२०२१ मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगॅसस गाजलं. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. त्यांतल्या ५ फोनमध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. तज्ज्ञांना जे इतकं अवघड गेलं ते गल्लीतल्या दुकानात ‘फोन स्कॅन’ करून कळणार नाही. त्यासाठी पैसे देऊ नका. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी फोन वेळच्या वेळी अपडेट ठेवावा आणि आयफोन असेल तर ‘लॉकडाउन मोड’ वापरावा. सामान्य घराला धोका जवळून जास्त आहे.

सापडलं तर

पुरावा घेऊन झाल्यावर, आणि जीव सुरक्षित आहे याची खात्री झाल्यावरच साफसफाई करा. फोटो आणि कॉन्टॅक्ट वेगळे काढून फॅक्टरी रीसेट करा. जुना अ‍ॅप बॅकअप परत टाकू नका. सगळे पासवर्ड स्वच्छ फोनवरून बदला आणि स्क्रीन लॉकही नवा ठेवा. बोटाचा ठसा किंवा चेहरा दुसऱ्या कुणाचा नोंदवलेला आहे का तेही बघा, हे बरेच जण विसरतात.

तक्रार करायची असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार एखाद्या पुरुषाने बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली येतं. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवता येते. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

घरातल्या घरात

‘बायकोचा फोन बघितला तर काय बिघडलं’ असं म्हणणारे आपल्यातही आहेत. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याची गुपितं शोधत फिरण्याला, साफ मनाई आहे. त्यात नवऱ्याला सूट दिलेली नाही. लहान मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं असेल तर त्यांना सांगून ठेवा. गुगलच्या फॅमिली लिंकमध्ये मुलाला कळतं की अम्मी-अब्बा बघताहेत. लपून बघितलेलं एक दिवस उघडकीला येतं आणि मग मूल खरी अडचणही सांगत नाही.

महिन्यातून एकदा १० मिनिटं काढून लिंक्ड डिव्हाइसेस, खात्यातली उपकरणं, लोकेशन शेअरिंग आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी एवढ्या चार जागा बघा. घरातल्या बुजुर्गांच्या फोनवरही बघून द्या. ही माहिती जरूर पुढे सांगा. फक्त जिच्या फोनवर नजर असल्याची शंका आहे, तिला हा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तिला भेटा आणि समोर बसून सांगा.