असाध्य आजारातील सत्यकथन : एका वैद्यकीय संकेताचा इतिहास

असाध्य आजार झालेल्या रुग्णाला त्याची खरी स्थिती सांगावी की नाही, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा मानला जातो. परंतु त्याला स्वतंत्र इतिहासही आहे. रुग्णापासून सत्य लपविणे ही केवळ डॉक्टरांची सवय नव्हती. पाश्चात्त्य वैद्यकात तो एक लिखित संकेत होता.

मँचेस्टरचे थॉमस पर्सिव्हल यांचा वैद्यकीय नीतीवरील ग्रंथ १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्याने निराशाजनक भाकिते करण्याची घाई करू नये. धोक्याची वेळीच सूचना आप्तेष्टांना द्यावी आणि अगदीच अपरिहार्य असेल तरच रुग्णाला, असे त्यांनी सुचविले. १८४७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या पहिल्या आचारसंहितेत हेच सूत्र स्वीकारले. वैद्याच्या शब्दांनीही रुग्णाचे आयुष्य घटू शकते, अशी त्यामागील धारणा होती. तिला क्रूर म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रभावी उपचार फार थोडे असताना आशा हेच एक औषध हाती होते.

उपचार बदलले तरी संकेत टिकून राहिला. डोनाल्ड ओकेन यांनी १९६१ मध्ये शिकागोतील २१९ डॉक्टरांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. 'गाठ', 'वाढ' अशा शब्दांवर वेळ निभावली जाई. अनेकांनी अनुभवाचा हवाला दिला. पण वेगळी पद्धत वापरून पाहिलेले त्यांत थोडेच होते. (टक्केवारी नेहमी उद्धृत होते, ही अधिक बोलकी नोंद मात्र दुर्लक्षित राहते.) १९७९ मध्ये रॉचेस्टर येथील डॉक्टरांची उत्तरे प्रसिद्ध झाली, तेव्हा ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. या उलथापालथीचे श्रेय केवळ हृदयपरिवर्तनाला देता येत नाही. दीर्घकाळ चालणारे उपचार रुग्णाच्या नकळत देणे कठीण होते आणि न्यायालयांनी माहितीपूर्ण संमतीचा आग्रह धरला होता.

तथापि, 'कसे सांगितले' हे टक्केवारीतून कळत नाही. त्या दृष्टीने सिसिली सॉन्डर्स यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. १९४८ मध्ये लंडनमध्ये मरणासन्न असलेल्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताशी झालेल्या संवादातून त्यांची कल्पना आकारास आली. त्याने ठेवलेले ५०० पौंड ही तिची पहिली देणगी. १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. रुग्णाला काय सांगावे, यापेक्षा त्याला काय सांगू द्यावे, यावर सॉन्डर्स यांचा भर होता.

भारतात हॉस्पिसची ही कल्पना १९८६ मध्ये मुंबईतील शांती अवेदना सदनाच्या रूपाने साकारली. आपल्याकडील 'त्यांना काही कळू देऊ नका' ही नातेवाइकांची विनवणी पर्सिव्हल वाचून आलेली नाही. पण क्रम तोच आहे, आधी आप्त, मग रुग्ण. रुग्णाला बहुधा सारे उमगलेले असते, आणि दोन्ही बाजू एकमेकांना जपत गप्प राहतात. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या अभ्यासात या स्थितीला 'परस्पर बतावणी' म्हटले होते.