चौपाटी ते केडगाव : एका सदनाची वाटचाल

हेदवी, गुहागर, मुरूड, देवरूख. दीडशे वर्षांपूर्वी कोकणच्या या भागातल्या ब्राह्मण घरांच्या माजघरात अलवण नेसलेली, एकवेळ जेवणारी एखादी विधवा बाई ठरलेली असे. कधी कधी ती बाई जेमतेम दहा-बारा वर्षांची असे. देवरूखची गोदूबाई जोशी आठव्या वर्षीच विधवा झाली. पुढे तिचे भाऊ नरहरपंत तिला मुंबईला घेऊन गेले आणि त्यांनी तिला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातले. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी.

हे सदन चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पैसा आला होता अमेरिकेतून. रमाबाईंनी तिकडे गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे खर्च उचलण्याचे कबूल केले.

दुसऱ्यांसाठी तोंड उघडण्याची सवय रमाबाईंना ख्रिस्ती होण्याआधीपासूनची. १८८२ साली पुण्यात शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका व तपासनीस आणि बायकांना स्त्री डॉक्टर हवेत, असे स्पष्ट सांगितले. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून बायका दुखणे अंगावर काढतात आणि मरतात, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, वाट चुकलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. आपल्याकडे अशा बाईला दार बंद होते, इथे तिच्यासाठी घर आहे, हा फरक त्यांच्या मनात घर करून राहिला. येशू शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलतो, ती कथा त्यांनी तिथेच ऐकली. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सदन १८९० साली पुण्यात आले. मुलींना आपापला धर्म, सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या आणि त्या उघड्या दारावरून पुण्यात वणवा पेटला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. निधर्मी म्हणून ज्या संस्थेला आधार दिला तिथे प्रार्थनेला मुली बसतात, ही त्यांची तक्रार पोकळ नव्हती. दुसरीकडे, स्वतःची श्रद्धा लपवून मुलींपुढे वावरणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. त्याच वर्षी गोदूबाईंचा पुनर्विवाह मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी झाला आणि गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला. म्हणजे वाळीत टाकायला धर्मांतरच लागते असे नाही. विधवेचा संसार उभा केला तरी पुरत असे.

१८९६-९७ च्या दुष्काळाने संस्थेचे रूप पालटले. रमाबाईंचे आई-वडील दुष्काळातच गेलेले. भुकेलेल्या पोरीला काय काय विकावे लागते हे त्यांना पुस्तकातून कळायचे नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग असल्याने नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेली जमीन कामी आली. आधी राहुट्या, मग विहिरी, शेती, घरे. हेच पुढे मुक्ती मिशन झाले.

याच धामधुमीत, १८९७ साली, प्लेगच्या छावणीत स्त्रियांची कशी आबाळ आणि विटंबना होते, याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकारने आरोप फेटाळले. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून रमाबाईंनी त्यांना सूट दिली नाही, आणि इंग्लंडमधल्या आपल्या धर्मभगिनींपुढेही त्या मुकाट मान हलवीत नसत. त्यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

१९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना नुसते जेवू घालून भागणार नव्हते. हातमाग, तेलघाणी, गुरांचा गोठा, शिवणकाम, छापखाना सुरू झाले. छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच बसत. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि अंध स्त्रियांना वाचायला शिकवू लागली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले घर केडगावच्या माळावर उभे राहिले. रमाबाई स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. मनोरमा १९२१ साली गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. ते बायबल १९२४ मध्ये त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

तिकडे कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्याला वाढला. गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, त्यासाठी वर्गणी मागत हिंडल्या. एक संस्था ख्रिस्ती, दुसरी हिंदू. पण देवरूखच्या एका मुलीच्या आयुष्यात दोन्ही जोडल्या गेल्या. महाराष्ट्राने १८९३ चा वाद जेवढा लक्षात ठेवला, तेवढे त्यामागचे काम ठेवले नाही. रमाबाईंच्या धर्माविषयी मत काहीही असो, ज्यांना घरात तोंड उघडायची सोय नव्हती त्यांच्या वतीने त्या आयोगापुढे, सरकारपुढे आणि परदेशी सभांपुढे बोलल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या राहण्याजेवणाची सोयही केली. मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे. कोकणातल्या वाचकाने निदान बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ मिळवून वाचावे. आपल्याच मुलखातल्या मुलीची ती हकिगत आहे.